हद्दीचा ओढा आणि बाल्ताबायची सून

उलमेकेन त्या घरात सून म्हणून आली, त्या दिवसापासून कुऱ्हाडीला कुऱ्हाड म्हणायची तिची सोय संपली. सासऱ्यांचं नाव बाल्ताबाय, आणि बाल्ता म्हणजे कुऱ्हाड. सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सुनेनं तोंडातून काढायचं नाही, नावात दडलेला शब्दही काढायचा नाही, असा आम्हा कझाखांचा रिवाज. तेव्हा कुऱ्हाडीला ती 'लाकूडमोडी' म्हणू लागली. चुलतसासरे तुझबाय, तुझ म्हणजे मीठ, म्हणून मिठाची झाली 'पांढरी चव'. एखादा शहरी तातार व्यापारी जेवायला बसला आणि आतून "पांढरी चव अजून हवी का?" असा आवाज आला, की त्याचा घास हातातच राहायचा. पण इतक्या वर्षांत उलमेकेनची जीभ एकदाही घसरली नाही. म्हातारा बाल्ताबाय कुठंही लग्नाकार्याला गेला की कुमिसच्या, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या, तिसऱ्या वाडग्याला सुनेचं कौतुक सुरू करायचा. लोकांना ते इतकं पाठ झालं होतं की ते दुसऱ्या वाडग्यालाच उठायचे.

बाल्ताबायचा हिवाळ्याचा तळ तिलेमिसच्या ओढ्यावर होता. तिलेमिस म्हणजे बाल्ताबायचे आजोबा. त्या ओढ्याकाठी पहिल्यांदा मेंढरं हिवाळ्याला घातली ती त्यांनी, म्हणून ओढ्याला त्यांचं नाव पडलं. ओढा ओलांडला की तळ, तळामागं टेकडी, टेकडीवर खुद्द तिलेमिसचं थडगं, आणि टेकडीच्या पलीकडं एक कोरडी घळ. तिच्यात पाणी दिसायचं ते फक्त बर्फ वितळताना, तेही बघायला वेळेवर गेलं तर. आमच्याकडं उन्हाळ्याचं कुरण कुठंही सापडतं. हिवाळ्याचा तळ मात्र सापडत नाही. वारा अडेल, बर्फाचा थर पातळ राहील, मेंढराला खुरानं उकरून खालचं गवत खाता येईल, अशी जागा ज्याच्याकडं आहे तो वसंतात मेंढरं मोजतो. ज्याच्याकडं नाही तो कातडी मोजतो.

आता या माळावर राज्य कुणाचं, हे आम्हाला अधूनमधून वरून कळवण्यात येतं. पूर्वी खान होता. मग झारच्या दरबारातून कळवलं की खान आता नाही, त्याच्या जागी सुलतान नेमले आहेत. सुलतानांचे जिल्हे पडले, पण ते बहुतेक कुळांवर पडलेले होते. कुळ कुरणाला निघालं की जिल्हाही त्याच्यामागं निघायचा, त्यामुळं त्रास असा कुणाला नव्हता. मग कळवलं की सुलतानही आता नाहीत. आता तालुके. तालुक्यावर एक रशियन लष्करी साहेब, त्याला लोक ओयाझ म्हणू लागले. तालुक्याच्या पोटात महाल, आणि महालावर आपल्यातलाच निवडून दिलेला माणूस, तो बोलिस. हे तालुके म्हणे जमिनीवर आखायचे. माणूस हलेल, मेंढरू हलेल, तालुका हलणार नाही. म्हाताऱ्यांनी हे ऐकून माना डोलावल्या. न हलणारी गोष्ट त्यांनी तोवर थडगं सोडून दुसरी पाहिली नव्हती.

त्यातच हुकूम आला की वरचा तालुका आणि खालचा तालुका यांची हद्द तिलेमिसच्या ओढ्यानं जाईल. म्हणजे बाल्ताबायचा तळ वरच्या तालुक्यात. त्याचं सगळं कुळ वरच्याच तालुक्यात नोंदलेलं होतं, तेव्हा यात बोलण्यासारखं काही नव्हतं आणि कुणी बोललंही नाही.

हद्द आखायला मोजणीदार आला तो भर उन्हाळ्यात. त्या वर्षी बाल्ताबायच्या बायकोचा पाय मोडला होता, म्हणून सासू-सुना दोघी उन्हाळ्याच्या कुरणावर न जाता तळावरच राहिल्या होत्या. त्यांच्या सोबतीला ठेवलेले दोन पुरुष एका बड्या असामीच्या वर्षश्राद्धाला गेले होते. वर्षश्राद्धाला घोड्यांच्या शर्यती असतात. मेलेल्या माणसाबद्दल इतका आदर आमच्या पुरुषांना दुसऱ्या कशानं वाटत नाही.

मोजणीदार सावेली इलिच हा घामाघूम, सज्जन माणूस होता. त्याच्याबरोबर दुभाष्या म्हणून गैनुल्ला नावाचा तातार होता, कझान शहरातला. कझाख भाषा त्याला उत्तम यायची. कझाख माणसं त्याला अजून यायची होती. ओढ्याकाठी उलमेकेन लोकर धूत बसली होती. गैनुल्लानं घोड्यावरूनच विचारलं, "वहिनी, या ओढ्याचं नाव काय?"

उलमेकेनची पंचाईत झाली. ओढ्याला नाव होतं, पण ते आजेसासऱ्यांच्याही बापाचं. तिनं मान खाली घातली आणि तिच्या तोंडी नेहमी असायचं तेच सांगितलं. "थोरल्यांचं पाणी."

मोजणीदारानं लिहून घेतलं. मग कपाळावर आठ्या घालून त्यानं हुकूम पुन्हा वाचला आणि गैनुल्लाला काहीतरी म्हणाला. गैनुल्लानं हाळी दिली, "मग तिलेमिस कुठाय? तिलेमिस?"

चुकलेल्या बकरीला हाक मारावी तसं ते नाव त्यानं माळावर फेकलं. आता रिवाज असा, की त्या थोर माणसाच्या जमिनीवर त्याचं नाव कानी पडलं, तर सुनेनं त्याच्या थडग्याकडं तोंड करून गुडघा लववायचा. उलमेकेन उठली, ओले हात झग्याला पुसले, टेकडीकडं वळली आणि गुडघा लववून सावकाश मान झुकवली.

"टेकडीच्या पलीकडं आहे म्हणतेय," गैनुल्ला म्हणाला.

सावेली इलिचनं टोपी काढून तिचे आभार मानले. म्हणाला, इतकं नेमकं उत्तर या माळावर त्याला अजून कुणी दिलं नव्हतं. मग सगळे टेकडीला वळसा घालून गेले. पलीकडं घळ होतीच.

"काय विचारत होते गं?" सासूनं आतून विचारलं.

"पाण्याचं नाव."

"सांगितलंस?"

"रीतीनं सांगितलं."

"शाबास," सासू म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

शरदात सगळं कुळ तळावर परतलं, तेव्हा हद्दीच्या खुंट्या कोरड्या घळीतून गेलेल्या दिसल्या. प्रत्येक खुंटीवर गरुडाचा शिक्का होता. पोरांनी आधी दोन खुंट्या उपटून चुलीत घातल्या होत्या, त्या परत नव्या करून ठोकाव्या लागल्या. दुइसेन, म्हणजे उलमेकेनचा नवरा, बराच वेळ घळीच्या काठावर उभा राहिला. हा माणूस मुळात शांत. त्याच्या डोक्यात गोष्ट शिरायला वेळ लागायचा, आणि शिरली की बाहेर पडायला त्याहून जास्त. हद्द घळीतून गेली तर तळ खालच्या तालुक्यात जातो, हे त्यानं संध्याकाळी घरात सांगितलं. तोवर ते खालच्या तालुक्यातल्या महालाचा बोलिस ओतेगेन स्वतः येऊन सांगून गेला होता.

ओतेगेन गोड बोलणारा माणूस. तीन वेळा निवडून आलेला, आणि तिन्ही वेळा त्यानं आधी मेजवानी दिली होती. तो घोड्यावरून उतरला, म्हाताऱ्याचा हात दोन्ही हातांत घेतला, मेंढरांची, वासरांची, पोराबाळांची चौकशी केली आणि मग वडीलधाऱ्यांना घालतात ती 'अता' अशी साद घालून म्हणाला, "अता, हुकूम माझा नाही. मी कोण? पण तळ आता आमच्या तालुक्यात, आणि तुमची नावं त्यांच्या तालुक्यात. म्हणजे तुम्ही इथं पाहुणे झालात. पाहुणा देवासारखा. पण देवसुद्धा पहिलं बर्फ पडायच्या आत निघतो."

"आणि इथं येणार कोण?" बाल्ताबायनं विचारलं.

"माझा धाकटा भाऊ. बिचाऱ्याला तळच नाही."

"गेल्या साली होता."

"तो त्यानं विकला," ओतेगेन म्हणाला आणि चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी दुइसेन वरच्या ओयाझकडं गेला. तिथला साहेब जुना कॅप्टन होता, त्याला बारमाही पडसं असायचं. त्यानं नकाशा पाहिला, नाक शिंकरलं आणि सांगितलं की तळ त्याच्या तालुक्यात नाही, सबब त्याला काही ऐकता येत नाही. दुइसेन तिथून खालच्या ओयाझकडं गेला. हा साहेब जर्मन होता, नीटनेटका, खुर्चीवर बसण्याआधी खुर्ची पुसणारा. त्यानं यादी पाहिली आणि सांगितलं की दुइसेनचं नाव त्याच्या तालुक्यात नाही, सबब त्यालाही ऐकता येत नाही. धोब्याचं कुत्रं ना घरचं ना घाटचं म्हणतात, पण त्या कुत्र्याला निदान धोबी तरी एकच असतो. पट्टी वसूल करायला मात्र त्या शरदात दोन्हीकडची माणसं आली. त्यांना ऐकण्याची अडचण नव्हती.

घरात कुणी उलमेकेनला बोललं नाही. हेच तिला जास्त लागलं. खुंट्या कशा फिरल्या हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि तिनंच ते सगळ्यांसमोर सांगितलं होतं: पाण्याचं नाव विचारलं, थडग्याकडं मान लववली, ते तिकडं गेले. म्हातारा म्हणाला, "तू रीतीनं वागलीस." सासू म्हणाली, "रीत कुणाची मेंढरं राखते का?" आणि लगेच, "पण वागलीस बरोबर." उलमेकेनला मनातून संताप यायचा. गुडघा लववणं म्हणजे बोट दाखवणं नव्हे, हे ज्याला कळत नाही त्या मोजणीदाराचा संताप. नाव असं फेकणाऱ्या तातराचा. शर्यती बघायला गेलेल्या पुरुषांचा तर सगळ्यात जास्त. आणि पहाटे गाय पिळताना तिला स्वतःचाही यायचा.

अखेर दोन्ही ओयाझांनी एकमेकांना पत्रं लिहिली. दोघांच्याही वरच्या साहेबानं दोघांनाही लिहिलं, की जागेवर जाऊन निकाल लावा. थंडी पडली तेव्हा दोघे तळावर आले. आता सुनावणी कुठं घ्यायची हा प्रश्न पडला. एका ओयाझला दुसऱ्याच्या तालुक्यात सुनावणी घेता येत नाही, आणि कुणाचा तालुका कुठं हाच तर वाद. कॅप्टन म्हणाला ओढ्याच्या या काठी, जर्मन म्हणाला घळीच्या त्या काठी. बराच वेळ दोघे वाऱ्यात उभे राहिले. शेवटी बाल्ताबायच्या युर्तमध्ये, म्हणजे त्याच्या जाड लोकरी तंबूत, बसायचं ठरलं, कारण चहा तिथंच होता.

आत पुरुष गोल बसले. एका बाजूला बाल्ताबायचं कुळ, दुसऱ्या बाजूला ओतेगेन आणि त्याची माणसं. मोजणीदार वही मांडीवर घेऊन, गैनुल्ला दोन्ही साहेबांच्या मध्ये. पडद्यामागं सासू आणि उलमेकेन. आधी ओतेगेनची माणसं एकेक करून कुराणावर हात ठेवून म्हणाली की तिलेमिस म्हणजे ती घळ, आम्ही लहानपणापासून तिथंच पाणी पीत आलो. घळीत पाणी पिणारे लोक पाहून कॅप्टनलाही जरा नवल वाटलं. मग बाल्ताबायच्या माणसांनी तेवढेच हात ठेवून सांगितलं की तिलेमिस म्हणजे हा ओढा. शपथा तोलून सारख्या भरल्या. कुराण पुन्हा फडक्यात गुंडाळलं गेलं.

"आता?" जर्मन साहेबानं विचारलं.

"वहीत काय आहे?" कॅप्टन म्हणाला.

सावेली इलिचनं वाचून दाखवलं: पहिलं पाणी, नाव 'थोरल्यांचं पाणी', माहिती देणारी स्थानिक स्त्री. तिलेमिस, टेकडीपलीकडं, माहिती देणारी तीच. आणि खाली लिहिलं होतं, 'माहिती अत्यंत स्पष्ट'.

"मग त्या बाईलाच विचारू," कॅप्टन म्हणाला. "दोन्हीकडचे सगळे लोक मतलबी आहेत. नकाशात जे आलं ते तिच्या सांगण्यावरून आलं. ती जे म्हणेल ते लिहू."

ओतेगेननं वाडगा खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर कुठं काही हललं नाही, पण दाढी जरा रुंद झाली. "अगदी बरोबर, साहेब," तो म्हणाला. "बोलू दे सुनेनं. सगळ्यांसमोर बोलू दे. आम्हालाही ऐकायचंय."

युर्तमधल्या प्रत्येक कझाखाला डाव समजला. सासरा समोर बसलेला, दोन कुळांचे पुरुष बसलेले, आणि सुनेनं ओढ्याचं नाव घ्यायचं. जी अशी नाव घेते तिची गोष्ट तीन महालांत फिरते. तिच्या मुलींना मागणं येत नाही, आणि उलमेकेनला दोन मुली होत्या. दुइसेननं बापाकडं पाहिलं. बाप चुलीकडं पाहत होता. त्याला 'घे नाव' असं म्हणता येत नव्हतं. सासऱ्यानं तसं म्हणणं म्हणजे आपल्या हातानं सुनेचा रुमाल डोक्यावरून ओढणं. 'घेऊ नको' असंही म्हणता येत नव्हतं. बाहेर मेंढरं ओरडत होती.

पडद्यामागं सासूनं तिचा दंड धरला. "चाळीस वर्षं झाली, मी सासऱ्यांचं नाव घेतलं नाही," ती कुजबुजली.

"माहितीये, एने," ती म्हणाली. एने म्हणजे सासूबाई.

"मेंढरं किती आहेत तेही माहितीये ना?"

"माहितीये."

सासूनं दंड सोडला.

उलमेकेन पुढं आली आणि दाराशी गुडघे मोडून बसली. गैनुल्लानं तिला ओळखलं. उन्हाळ्यापासून त्याला कुणीतरी बऱ्याच गोष्टी समजावल्या असाव्यात, कारण तो तिच्याकडं न बघता बोलू लागला.

"नाव?"

"उलमेकेन."

"त्या दिवशी 'थोरल्यांचं पाणी' म्हणालात, ते कोणतं पाणी?"

"हेच. बाहेर वाहतंय ते."

"त्याला लोक काय म्हणतात?"

ती गप्प राहिली.

"बघा साहेब," ओतेगेन म्हणाला, "बिचारीला ठाऊकच नाही."

"टेकडीकडं मान का लववलीत?" गैनुल्लानं पुढं विचारलं.

"तिथं थोरले निजलेत."

"थोरले कोण?"

ती पुन्हा गप्प. ओतेगेनच्या बाजूचा एक जण हसला. "एवढे थोरले आहेत म्हणजे नाव ठेवलं असेलच की कुणीतरी," तो म्हणाला.

"साहेब," गैनुल्ला कॅप्टनकडं वाकला, "यांच्यात सून सासरच्यांचं नाव घेत नाही. मला हे तेव्हा माहीत नव्हतं."

"नियमात तशी जागा नाही," कॅप्टन म्हणाला. "साक्षीदारानं स्वतःच्या तोंडानं सांगावं लागतं."

जर्मन साहेबानं विचारलं, "साक्षीदार गप्प राहिली, असं लिहिता नाही येणार?"

"येईल. मग नकाशा जसा आहे तसा राहील, आणि तळ तुमच्या तालुक्यात जाईल."

"मला नको आहे हो तो," जर्मन साहेब कळवळून म्हणाला. त्या दिवशी तिथं इतकं मनापासून दुसरं कुणीच बोललं नव्हतं.

उलमेकेननं मान वर केली. पुरुषांच्या त्या गोलात तिनं कुणाकडंच पाहिलं नाही. उघड्या दारातून ओढ्याची एक वाकडी पट्टी दिसत होती, तिच्याकडं पाहिलं. तिला वाटलं होतं आवाज फुटणार नाही. तो फुटला, आणि गुरं हाकताना निघतो तेवढा मोठा निघाला.

"या पाण्याचं नाव तिलेमिस. टेकडीवर निजलेत तेही तिलेमिस, त्यांचाच हा ओढा. ओढ्यावरचा तळ बाल्ताबायचा. बाल्ताबाय माझे सासरे. घळीला नावच नाही."

पुरुष आपापल्या वाडग्यात बघू लागले. पडद्यामागं मडक्यात फिरणारी पळी थांबली, आणि थोड्या वेळानं पुन्हा फिरू लागली. दुइसेनचे कान लाल झाले होते. म्हातारा बाल्ताबाय मात्र काहीतरी हरवल्यासारखा दाराकडं बघत होता.

"लिहा," कॅप्टन म्हणाला.

पण लिहायचं कुठं, हा प्रश्न राहिलाच. नकाशावर वरपर्यंत सह्या झालेल्या होत्या. तो बदलता येत नाही. हद्दीचा हुकूमही बदलता येत नाही. दोन्ही साहेबांनी डोकी एकत्र केली, चहा पुन्हा मागवला, आणि मग कॅप्टननं निकाल सांगितला. नकाशावर घळीला तिलेमिस म्हटलंय, ते तसंच राहील. हुकुमात तिलेमिस म्हटलंय, तेही तसंच राहील. फक्त खाली एक टीप जोडायची: या ठिकाणी 'तिलेमिस' याचा अर्थ 'थोरल्यांचं पाणी' असा घ्यावा. हद्द थोरल्यांच्या पाण्यानं जाईल. तळ वरच्या तालुक्यात.

म्हणजे सरकारदरबारी त्या ओढ्याचं नाव आता सुनेनं दिलेलं. पुढं पट्टी भरायला जाणाऱ्या पुरुषांना कारकुनासमोर उभं राहून "थोरल्यांच्या पाण्याचे" असं सांगावं लागायचं. काही जण ते सांगताना खोकायचे.

साहेब निघाले. दुइसेन त्यांना पोचवायला बरोबर गेला. ओतेगेन सगळ्यांच्या मागून निघाला, दारात थांबला. "मुबारक, अता. तळ राहिला," तो म्हणाला. "सुनेचं कौतुक मात्र यापुढं जरा बेतानं करावं लागेल."

"ओतेगेन," बाल्ताबाय म्हणाला, "तुझा घोडा खालच्या तालुक्यात बांधलाय ना?"

"हो."

"मग जा. हद्दीपलीकडं जनावर एकटं ठेवू नये."

संध्याकाळी उलमेकेननं चहा मांडला. हात नेहमीचं काम करत होते, पण मन ठिकाणावर नव्हतं. म्हातारा रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो रागावला नव्हता. कुळातल्या कुणाच्या तरी तोंडून उद्या तिच्या माहेरी निरोप जाईल, की सुनेला घेऊन जा, असं तिला दुपारपासून वाटत होतं. तळ राहिल्याचा आनंद तिला झाला होता, नाही असं नाही. पण त्या तळावर आपण राहू का, हे तिला कळत नव्हतं. सासू पाय लांब करून, पडद्यामागं भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"केलिन," म्हातारा म्हणाला. सुनेला आमच्यात अशीच हाक मारतात.

"काय, अता?"

"दुपारी काय म्हणालीस?"

तिनं किटली खाली ठेवली. "चुकलं माझं. काय दंड करायचा तो करा."

"दंडाचं राहू दे. काय म्हणालीस ते विचारतोय. डाव्या कानानं मला कमी येतं."

"पाण्याचं नाव सांगितलं."

"पाण्याचं ऐकलं. त्याच्या पुढचं."

म्हाताऱ्यानं वाडगा पालथा घातला, मग पुन्हा सुलटा केला.

"माझा थोरला भाऊ गेला तेव्हा तू या घरात आली नव्हतीस," तो म्हणाला. "तो होता तोवर मला नावानं हाक मारायचा. शिव्या द्यायचा, पण नावानं. त्याच्यामागं माझ्याहून मोठं असं कुणी उरलंच नाही. सगळे अता म्हणतात. ओयाझचा कारकून यादीतून वाचतो, पण तो वाचतो तेव्हा कुणा भलत्याचंच नाव वाटतं. आज तू म्हणालीस, आणि मी दाराकडं बघितलं. मला वाटलं, घरातलं कुणी मोठं माणूस आलं."

उलमेकेनच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं पुसलं नाही, कारण पुसलं असतं तर दिसलं असतं.

"एकदा म्हण," म्हातारा म्हणाला.

"अता, आता साहेब नाहीत इथं. कोणत्या कारणानं म्हणू?"

"कारण नाही काही."

ती पडद्याकडं बघू लागली.

"घे गं," सासूचा आवाज आला. "मी झोपलेय."

उलमेकेन उठून उभी राहिली. गुडघा लववायचा की नाही हे तिला ठरवता आलं नाही, म्हणून तिनं तो लववला नाही. मोठ्यानं नाही, पण उजव्या कानाला ऐकू जाईल इतपत, तिनं त्याला हाक मारली.

म्हाताऱ्यानं ओ दिली.